पुट्टीखालचा पत्रा : कुडपणच्या एका गंजलेल्या पिकअपचा इतिहास वाचताना

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, टॉपिक सुचलाय, गाईडनाही आवडलाय, पण सोर्सेसच नाहीत. अर्काइव्हमध्ये काही सापडत नाही. टॉपिक बदलू का?" पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, म्हणून उत्तर इथेच सविस्तर लिहिते.

माझा विषय आहे वाहनांच्या दुरुस्तीचा इतिहास. त्यात तर कागद जवळपास नाहीतच. तेव्हा तुम्हाला एका गंजलेल्या पिकअपची गोष्ट सांगते. मालक कुडपणचा, गॅरेज खाली महामार्गाजवळ. गाडीचा डावीकडचा पत्रा कापला जात होता तेव्हा मी शेजारी वही घेऊन उभी होते, आणि त्या एका दुपारी मी एक चांगली ठसठशीत चूकही केली. गोष्टीपेक्षा ती चूकच तुमच्या जास्त कामाची आहे.

आधी जागा समजून घ्या. कुडपण हे पोलादपूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या खांद्यावरचं गाव. प्रतापगड-महाबळेश्वरचे डोंगर शेजारीच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे गाव पावसाळ्यातल्या धबधब्याच्या रील्समध्येच पाहिलं असेल. खाली पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर आहे, जुना एनएच-१७, आताचा ६६. तिथूनच आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो. रेल्वे मात्र नाही. कोकण रेल्वे वीरवरून करंजाडी, विन्हेरे करत खेडकडे निघून जाते आणि पोलादपूर बाजूलाच राहतं. म्हणजे सिमेंट, सळ्या, खत, गॅस सिलिंडर, लग्नाचं मंडपाचं सामान, जे काही वर जायचं ते रस्त्यानेच जाणार. आणि जिथे मोठा ट्रक वळत नाही तिथे पिकअप. त्यात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. तालुक्याच्या नावातच 'पोलाद' आहे आणि पोलादाला याहून वाईट हवा शोधून सापडायची नाही, असा एक विनोद मी थीसिसमध्ये घातला होता. गाईडनी काढायला लावला.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. अशा भागात मालाच्या गाडीत माणसंही बसतात. जानेवारी २०२१मध्ये कुडपणच्या घाटरस्त्यावर लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळला आणि माणसं गेली. त्या अपघाताचा गंजाशी काही संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण गाडीचा तळ किती सडलाय, हा प्रश्न इथे दिसण्यापुरता राहत नाही, एवढं त्यावरून कळावं.

आता पत्र्याकडे येऊ. गाडीचं अंग पत्र्याचं असतं हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यालाही इतिहास आहे हे विसरतो. सुरुवातीच्या मोटारींची बॉडी लाकडी सांगाड्यावर बांधलेली असे. पूर्ण पोलादी बॉडी मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, एडवर्ड बड यांच्या फिलाडेल्फियातल्या कारखान्यातून. त्यांनी १९१४च्या सुमारास डॉज बंधूंसाठी अशा बॉड्या बनवायला घेतल्या. आपल्याकडे मोठ्या ट्रकच्या बाबतीत जुनी पद्धत बराच काळ टिकली: कंपनीकडून नुसती चासी घ्यायची, आणि हौदा, फाळके, कधीकधी केबिनसुद्धा स्थानिक बॉडी बिल्डरकडून लाकडात-पत्र्यात बांधून घ्यायची. अशा गाडीचा फाळका तुटला तर सुतार लागायचा. पिकअप मात्र कारखान्यातून अखंड येते. केबिन, दारं, मडगार्ड, बहुतेक वेळा हौदासुद्धा प्रेसमध्ये दाबलेल्या पातळ पत्र्याचा, ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडलेला. ट्रककडून पिकअपकडे येताना दुरुस्ती सुताराच्या हातून डेंटरच्या हातात गेली. हा बदल कुठल्याही सरकारी अहवालात तुम्हाला सापडणार नाही, पण महामार्गालगतच्या दुकानांच्या पाट्या बघत चाललात तर दिसतो.

पत्रा गंजतो कसा? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज. मीठ असेल तर वेग वाढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो जोडातून फुगतो आणि रंगाला फोड येतात. कारखान्यात यावर उपाय असतो. पत्र्यावर जस्ताचा थर देता येतो. गरम जस्तात लोखंड बुडवायची पद्धत फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७मध्ये पेटंट केली, आपल्या छपरांचा जीआय पत्रा त्याच घराण्यातला. दुसरा उपाय म्हणजे अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने कानाकोपऱ्यात प्रायमर बसवायचा. ही पद्धत १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत विकसित झाली. गोम अशी की गॅरेजमध्ये पत्रा कापून नवा वेल्ड केला की त्या जागेचा हा आतला थर जळून जातो, आणि तो परत तसाच चढवायची सोय कुठल्याही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नसते. म्हणजे दुरुस्ती केलेली जागा पुन्हा गंजण्याची शक्यता मूळ पत्र्यापेक्षा जास्त. एकदा ठिगळ लागलं की गाडी त्याच कोपऱ्यासाठी गॅरेजमध्ये परत येत राहते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, मालकाच्या दृष्टीने नाही.

बहुतेक वेळा गंज आतून बाहेर येतो, हेही माहीत असू द्या. दाराच्या खालच्या कडेला आणि पायदानाच्या पोकळीत पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं. हौद्यात खताच्या गोण्या फुटतात, मासळीच्या क्रेटमधलं खारं पाणी गळतं, जांभ्याचे चिरे चढवता-उतरवताना रंग खरवडला जातो. बाहेरून नखाएवढा फोड दिसतो तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो.

आता तुमचा प्रश्न: सोर्सेस कुठे आहेत?

तंत्रज्ञानाच्या इतिहासात एक जुनी खोड आहे, शोध कधी लागला तेवढंच लिहायचं. डेव्हिड एजर्टन यांनी २००६च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये यावरच बोट ठेवलं: वस्तू वापरात किती काळ राहिली, तिची देखभाल कोणी केली, हाही तंत्रज्ञानाचा इतिहास आहे. भारतासाठी डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) वाचा. सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर, भातगिरणी अशा छोट्या यंत्रांवर आहे. दोन्ही पुस्तकं लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सगळेच टाकतात. पण मग "दुरुस्तीचा पुरावा कुठला?" इथे आलं की आपण अडकतो.

कागद काय आहेत ते आधी मोजून घ्या, कारण 'काहीच नाही' हे कधीच पूर्ण खरं नसतं. भारतात मोटार वाहन कायदा १९१४चा, मग १९३९चा, मग सध्याचा १९८८चा. त्यामुळे नोंदणी, मालकी हस्तांतर, कर्जाचा बोजा, फिटनेस म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, यांच्या नोंदी असतात. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग लागतं. पण ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला १९८८च्या कायद्यात परमिटची अट नाही. छोट्या पिकअप या मर्यादेच्या आत बसतात, म्हणजे परमिटची फाईलच तयार होत नाही. आणि पासिंगची नोंद तुम्हाला काय सांगते? गाडी त्या तारखेला पास झाली. तिचा कोणता पत्रा कोणी, कशाने, किती वेळा बदलला, याबद्दल एक अक्षर नाही. गॅरेजवाल्याची वही असते, पण तिच्यात उधारी असते: कोणाकडे किती बाकी. पैसे फिटले की पान रद्द.

उरतो तो पत्रा. म्हणून मी त्या गॅरेजमध्ये उभी होते.

गाडी पांढरी, पासिंग जवळ आलेलं. मालकाचं म्हणणं, डाव्या मडगार्डवर फोड आलेत, पायदानाजवळ थोडं सडलंय, पुट्टी मारून रंग करून द्या. मिस्त्रींनी आधी हाताने काहीच केलं नाही. खिशातून एक लोहचुंबक काढला आणि पायदानावर, दाराखालच्या पत्र्यावर फिरवत नेला. दोन वितींपर्यंत चुंबक टक्कन चिकटत होता. मग एका जागी सुटून खाली पडला. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. हातोडीने टकटक केल्यावर आवाजही बदलला. लोखंड वाजतं, पुट्टी बद्द बोलते. मी गेले तीन वर्षं 'मटेरियल एव्हिडन्स' या शब्दावर सेमिनार ऐकतेय, पण त्याची तपासणी दहा रुपयांच्या चुंबकाने होते हे मला त्या दिवशी कळलं.

मग ग्राइंडर लागला. मी मिस्त्रींना प्रत्येक थराला थांबायची विनंती केली. ते थांबले, पण प्रत्येक वेळी माझ्याकडे जरा दयेने बघून. सगळ्यात वर पांढरा रंग. खाली राखाडी प्रायमर. त्याखाली भाकरीएवढी जाड पुट्टी, दोन वेगवेगळ्या छटांची, म्हणजे दोनदा भरलेली. तिच्याखाली रेड ऑक्साइड. मग एक ठिगळ: नवा पत्रा जुन्या सडक्या पत्र्यावर नुसता ठेवून कडेने वेल्ड केलेला. आणि त्या ठिगळाखाली मूळ पत्रा, म्हणजे त्याचे पापुद्रे. बोट लावलं तर खाली गळत होते.

इथे थोडं थांबून तो वेल्ड समजून घ्या, कारण दुरुस्तीमागचा हेतू तिथेच कळतो. सडका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून टाकायचा, तेवढ्याच मापाचा तुकडा त्या खिडकीत बसवायचा आणि कडेला कड जोडायची, ही एक पद्धत. वेळ लागतो, पत्रा पातळ असल्याने उष्णतेने लाटा येतात, म्हणून थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घेत जावं लागतं. दुसरी पद्धत म्हणजे सडक्यावरच ठिगळ ठेवायचं. पटकन होतं, पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं आणि गंजाला सावलीत बसून काम करायला जागा मिळते. आमच्या गाडीवर दुसरी पद्धत होती. ज्याने केली त्याला गाडी पुढच्या पासिंगपर्यंत टिकवायची होती, किंवा विकायची होती. त्याला दोष द्यायची घाई मी करणार नाही. त्याला किती पैसे मिळाले हे आपल्याला माहीत नाही.

आता माझी चूक. ठिगळ निघालं तेव्हा पायदानाच्या पोकळीतून माती पडली. बारीक, राखाडी-तपकिरी, मैद्यासारखी. मी एकदम खूश. २२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली होतं, सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही दरडींनी माणसं नेली. ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. मी वहीत लिहून टाकलं: 'महाडच्या पुराचा गाळ. ठिगळ जुलै २०२१नंतरचं.' मनात लेखाचं शीर्षकसुद्धा तयार झालं होतं.

मिस्त्रींनी विचारलं काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, माती काय, कुठल्याबी गाडीत निघते. चाकानं उडते, भोकातून आत बसते. पूर बघायचा तर रेघ बघा."

रेघ म्हणजे काय हे मला कळलं नाही. त्यांनी डाव्या दाराचं आतलं पॅड काढलं. आतल्या पत्र्यावर गाळाची आडवी रेघ होती, जणू पट्टीने मारलेली. मग उजवं दार उघडलं, तिथेही, जवळजवळ त्याच उंचीला. मग सीटमागची भिंत. तिथेही. चाकाने उडालेली माती तीन ठिकाणी एका पातळीत बसत नाही. साचलेलं पाणी बसवतं. म्हणजे गाडी पाण्यात उभी होती हे आता खरंच सिद्ध झालं, आणि ते माझ्या मुठीतल्या मातीने झालेलं नव्हतं.

"मग महाडच ना?" मी तरी विचारलंच. मिस्त्री काही बोलले नाहीत. गाडीच्या पुढे जाऊन नंबर प्लेटकडे हात केला. एमएच-०८. रायगडचा नंबर ०६ असतो, पेणचा. ०८ म्हणजे रत्नागिरी. मी सकाळपासून त्या प्लेटसमोर उभी होते आणि ती वाचली नव्हती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूणही बुडालं होतं, आणि चिपळूण रत्नागिरी जिल्ह्यात. मी महाडजवळ काम करते म्हणून मला महाड दिसलं, बाकी काही नाही.

मालकाला विचारल्यावर त्याने आरसी दाखवली. हस्तांतर २०२२च्या सुरुवातीचं, गाडीची पहिली नोंदणी २०१३ची. "एजंट बोलला चिपळूणची गाडी म्हणून. पाण्यात होती ते नाय बोलला." आता मांडणी करून बघा. गाडी २०१३ची असल्यामुळे २००५चा पूर बाद. हस्तांतरानंतर ती डोंगरावर, त्यामुळे गाळ त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. ठिगळाच्या आत गाळ आणि ठिगळावर नाही, म्हणजे ठिगळ गाळानंतरचं. पुरातत्त्ववाले याला 'या तारखेच्या आधी नाही' अशी खालची मर्यादा म्हणतात. पण तो गाळ २०२१चाच का? कोकणातल्या नदीकाठच्या गावांत पाणी भरणं एकदाच घडत नाही. म्हणून थीसिसमध्ये आता असं वाक्य आहे: 'गाडी नोंदणीनंतर आणि २०२२च्या हस्तांतरापूर्वी पाण्यात उभी होती, बहुधा जुलै २०२१, बहुधा चिपळूण.' दोन 'बहुधा' आहेत. लेखाचं शीर्षक गेलं. तुमच्या गाईडला असं वाक्य मिळमिळीत वाटेल, वाटू द्या, व्हायवामध्ये तेच वाचवतं.

कागद, वस्तू, माणसाचं बोलणं, तिन्ही एकमेकांसमोर ठेवल्यावर कुठे हे वाक्य मिळालं. आरसीवर गाळ नाही, गाळावर तारीख नाही, आणि मालक विचारल्याशिवाय बोलला नसता.

चौथा एक सोर्स आहे जो फुकट मिळतो आणि आपण वापरत नाही: गॅरेजमधले शब्द. 'टेम्पो' घ्या. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८मध्ये बजाज टेम्पो सुरू केली आणि तिच्या तीनचाकी हॅन्सीट गाड्या महाराष्ट्रभर फिरल्या. कंपनीने २००५मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण शब्द राहिला. 'ड्युको' घ्या. जुने पेंटर अजूनही लॅकर रंगाला ड्युको म्हणतात. ते ड्यूपाँ कंपनीने १९२३मध्ये अमेरिकेत आणलेल्या रंगाचं नाव. 'डेंटर' तर धमालच आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ पोचा पाडणारा असा व्हायला हवा, आपल्याकडे तो पोचे काढतो. आणि पुट्टीला जुने कारागीर 'लांबी' म्हणतात, जी मूळची खिडकीच्या काचा बसवणाऱ्यांची, सुतारांची वस्तू. म्हणजे मोटारीचं काम सगळं बाहेरून शिकलेलं नाही, घरबांधणीतलं हाताशी असलेलं ज्ञान त्यात आलंय. एवढ्या शब्दांवर एक चॅप्टर होतो. पण शब्द कधी रुळला याची तारीख शब्द स्वतः सांगत नाही, त्यासाठी जुन्या जाहिराती चाळा.

रंगाबद्दल एक अवांतर, मला आवडतं म्हणून. लोखंडी पूल आणि जहाजांना गंजू नये म्हणून पूर्वी रेड लेड लावायचे, शिशाचा लाल ऑक्साइड. हा आपला पारंपरिक शेंदूर. देवाच्या दगडावर आणि जहाजाच्या बुडावर एकच द्रव्य. शिसं विषारी, म्हणून त्याची जागा रेड ऑक्साइडने घेतली, आणि रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूचा भाऊ, गंजाचा जवळचा नातेवाईक. गंज अडवायला पत्र्यावर जे फासतात त्याच्या रंगात गंजाचंच कूळ आहे. पत्र्याला वाचवतो तो अर्थात त्याच्यातला तेल-रेझिनचा पापुद्रा.

यावर एक प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, तो तुमच्यासमोर ठेवते. जुन्या गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने वाचायला मिळेल. बलुतं वर्षाचं, धान्यात, सुगीला. नांगराचा फाळ एकदा शेवटला काय किंवा चारदा काय, पेंढी तेवढीच. म्हणजे काम टिकाऊ करण्यात लोहाराचाच फायदा. गॅरेज कामागणिक पैसे घेतं. तिथे टिकाऊ काम केलं तर गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, आणि स्वस्त काम केलं नाही तर मुळात येतच नाही. मग चांगली दुरुस्ती कोणाला परवडते? मी हे मांडल्यावर एका सरांनी टोकलं आणि बरोबर टोकलं: बलुत्याचं इतकं गोडवं गाऊ नका, त्यात जात बांधलेली होती, लोहाराला काम सोडून जायची मुभा किती होती ते आधी शोधा. त्यामुळे हा तुलनेचा भाग सध्या अर्धवट आहे. कोणी बलुत्यावर काम करत असेल तर मला नक्की लिहा.

आपल्या पिकअपच्या बाबतीत तो प्रश्न तासाभरात समोर आलाच. पायदान उघडल्यावर मिस्त्री गाडीखाली गेले आणि केबिन जिथे रबरावर चासीला बसते तो डावीकडचा फरशीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मालकाकडे मडगार्डच्या रंगाचे पैसे होते. मिस्त्रींनी सांगितलं की तेवढ्या पैशात एकतर मडगार्ड चकाचक होईल, नाहीतर फरशी होईल. मडगार्ड दिसतं. फरशी दिसत नाही, पण घाटात वळणावर केबिनचा भार तिच्यावर येतो. मालक बराच वेळ बिडी ओढत बसला. शेवटी म्हणाला, "खालचं करा."

मग दोन दिवस फरशी. सडकं कापलं, वरच्या अंगाला वापरतात त्याहून जाड पत्रा घेतला, कडेला कड जोडली. मी विचारलं, छपराचा जीआय पत्रा का नाही वापरत, त्याला तर जस्त असतं. मिस्त्री हसले. जस्त वेल्डिंगला जळतं, त्याचा धूर अंगात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वापरायचाच तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढायचं. त्या तापावर वेल्डर लोक दूध पितात. दुधाने काही होतं असं नाही, पण पितात. आतून रेड ऑक्साइडचे दोन हात, खाली अंडरकोटिंग. पावसाआधी बरेच ड्रायव्हर खालून जळकं इंजिन ऑइल फवारतात, स्वस्त पडतं आणि थोडंफार काम करतं, पण ते सगळं पहिल्या पावसात ओढ्याला जातं. मिस्त्रींनी ते करायला नकार दिला. त्यांची विहीर गॅरेजच्या खालच्या अंगाला आहे.

आता तुम्हाला काय करायचंय ते. अशा कामाला जाल तेव्हा पुट्टी भरायच्या आधी पोहोचा. नंतर काही उरत नाही. चांगला डेंटर स्वतःच्या कामाचा पुरावा स्वतःच पुसतो, त्याचं कसबच ते आहे. आणि म्हणून जुन्या गाड्या बघून दुरुस्तीचा इतिहास लिहायला गेलात तर फसगत होते: दिसतात त्या फक्त फसलेल्या दुरुस्त्या. प्रत्येक थराचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. नंबर प्लेट पहिल्यांदा वाचा (मी नव्हती वाचली), पण फोटोत येऊ देऊ नका. गाडीत पाणी शिरलं होतं हे छापून आलं तर तिची किंमत पडते, आणि तो तोटा तुमचा नसतो, मालकाचा असतो. त्याला आधी विचारा. या मालकाने मला लिहायची परवानगी दिली ती एका अटीवर, नाव आणि नंबर नको. गावाचं नाव चालेल का विचारलं तर म्हणाला, गावात पिकअप काय माझी एकटीच आहे का?

मिस्त्रींचा वेळही फुकट धरू नका. मी एका दुपारी त्यांचे तीन तास खाल्ले. त्याबदल्यात त्यांच्या उधारीच्या वहीची नीट यादी करून दिली, आणि ती करताना मला माझ्या कामाची पाच पानं मिळाली. एथिक्स फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

गाडी तिसऱ्या दिवशी वर गेली. फरशी नवी, मडगार्ड नुसतं घासून रेड ऑक्साइड मारलेलं, लाल. पैसे आले की रंग करू, असं ठरलं. पुढे दिवाळीनंतर ती मला पोलादपूरच्या स्टँडजवळ दिसली. मडगार्ड पांढरं झालेलं होतं. मी खिशातला चुंबक काढून लावला. चिकटला. दुसऱ्या जागी लावला. चिकटला. तेवढ्यात मालक चहा पिऊन आला आणि विचारायला लागला की आता काय शोधताय.